शेवट कुणाच्या नावावर

मद्रासच्या लॅबमधून आलेला डबा नेत्रानं उघडला, रीळ मूव्हिओलावर, एडिटिंगच्या यंत्रावर, चढवलं, आणि सुरुवातीलाच चामुंडेश्वरी दिसली. चौकटीतला फोटो, त्याला मोगऱ्याचा गजरा, पुढे पितळी ताटलीत पेटलेला कापूर. ताटली धरणारा हात कडेनं आत आला होता आणि त्याच्या बोटात पुष्कराजाची अंगठी होती. ती अंगठी बंगळूरच्या अख्ख्या फिल्म लाइनीला ठाऊक होती.

हेमगिरी पिक्चर्सच्या युनिटात देवाचा शॉट घेतल्याशिवाय कॅमेरा दुसऱ्या कशावर फिरत नाही. नवं गाव, नवा मुक्काम, की पहिला शॉट देवाचा; मग बाकीची मारामारी आणि रडारड. आजोबांनी घालून दिलेली ही पद्धत दोड्डप्पांनी, म्हणजे नेत्राच्या थोरल्या काकांनी, रुद्रमुनींनी, आपल्या सगळ्या सिनेमांत पाळली. मोडली ती फक्त त्यांच्या धाकट्या भावानं. 'देवाला अभिनय येत नाही, त्याच्यावर फिल्म कशाला नासायची,' असं म्हणून नेत्राचे अप्पा, शंभुलिंग, पहिला शॉट एखाद्या भिंतीचा, नाहीतर समोर आलेल्या कुत्र्याचा घ्यायचे. त्यांची पाठ वळली की युनिटातली माणसं कॅमेऱ्याला चोरून उदबत्ती ओवाळून घ्यायची.

म्हणजे हे अप्पांनी घेतलेलं नव्हतंच. नेत्राला ते माहीत होतं, तरी ती अंगठी दिसली तशी तिनं मशीन थांबवलं.

अप्पांना झटका आला तेव्हा सिनेमा शेवटापर्यंत येऊन थांबला होता. हुलिकट्टे गाव धरणात जाणार, घरं मोडून लोक बाहेर पडणार, आणि होन्नव्वा नावाची एक म्हातारी मागे राहणार, इथवर सगळं घेऊन झालं होतं. शेवट अप्पा कधीच आधी लिहून ठेवत नसत. जागेवर जाऊन बसायचे, बघायचे आणि मग ठरवायचे. यंदा बसायच्या आधीच उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दिवाळीनंतर धरणाची दारं बंद होणार होती. एकदा पाणी भरलं की तिथे शूटिंग करायला मासेच उरले असते. तेव्हा दोड्डप्पांनी कुणाला न सांगता युनिट उचललं, त्या म्हातारीचं काम करणारी नाटक कंपनीतली बाई गाडीत बसवली आणि हुलिकट्ट्याला जाऊन आले. आल्यावर फक्त नेत्राला म्हणाले, "डबा येईल. बघ. नाही आवडला तर फेकून दे, पुट्टी. मी विचारणार नाही." आणि मग रोज कसलं ना कसलं निमित्त काढून एडिटिंगच्या खोलीत डोकावून जात होते.

आता तिनं तो शेवट बघितला.

गावकऱ्यांनी जाताना घरांची दारं, चौकटी, वासे, सगळं उपसून नेलेलं. भिंती तेवढ्या उभ्या. संध्याकाळ. होन्नव्वा चूल विझवते, भांडं पालथं घालते, आणि रोजच्यासारखी दाराशी येते. दार नाही. तरी तिचा हात वर जातो, कडी असायची तिथे जरासा थांबतो, कडी लावल्यासारखा वळतो आणि खाली येतो. मग ती आत जाऊन झोपते. बस, एवढंच. कॅमेरा हलत नाही.

नेत्रानं रीळ मागे फिरवलं आणि पुन्हा बघितलं. तिला वाटलं, हे अप्पांचंच आहे. आणि तसं वाटलं म्हणून ती जास्तच घाबरली.

*

रविवारी सकाळी ऑफिसच्या वरच्या छोट्या थिएटरात घरची सगळी जमली. सोमवारी मद्रासला टायटलं शूट व्हायची होती, आणि वर्ष संपायच्या आत सेन्सॉर झालं नाही तर सिनेमा यंदाच्या पुरस्कारांना मुकणार होता. पडद्यावर कुणाचं नाव येणार आणि सिनेमा कुठे संपणार, हे आजच ठरवायला हवं होतं.

अप्पांना खुर्चीसकट दोन माणसांनी वर आणलं. मफलर, स्वेटर, मांडीवर शाल. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. डॉक्टर म्हणाले होते, यांना समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही. तसे दोन शब्द येत होते. झटक्यातून शुद्धीवर आल्यावर ते 'असू दे' म्हणाले होते, आणि तेव्हापासून ताप असो, पेज असो, भेटायला आलेला मंत्री असो, उत्तर तेच. घरात सुरुवातीला सगळे रडले. मग हळूहळू त्या 'असू दे'ची सगळ्यांनाच सोय व्हायला लागली.

दोड्डम्मा, म्हणजे रुद्रमुनींच्या पत्नी सिद्दगंगम्मा, कोडबळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. या घरात कुणाचं काही बुडत असलं तरी खाणं आधी पोचतं. त्यांचा मुलगा निरंजन, आता कंपनी बघणारा, मागच्या रांगेत पाय लांब करून बसला. नेत्राची आई दाक्षायिणी नवऱ्याच्या खुर्चीशेजारी, पांढरी खादी, कपाळावर विभूती, मांडीवर थर्मास. या घरात आल्यापासून जाऊबाईच्या रेशमी पदराकडे बघून तिनं एकदाही डोळे विस्फारले नाहीत, आणि ते तिनं कुणाला विसरूही दिलं नाही.

"चिक्कप्पा, कसं वाटतंय?" निरंजननं धाकट्या काकांना विचारलं.

"असू दे."

"तेच म्हणतोय मी. बघा काकू, मी चिक्कप्पांशी बोललोय. सुरुवातीला एक गाणं. लांब नाही, लोकगीतासारखं. आणि आपला हिरो सुरुवातीला येऊन चार वाक्यं बोलेल, धरण, गाव, माती वगैरे. त्याच्या चेहऱ्यावर मी म्हैसूर-मंड्याची थिएटरं मिळवतो. नाहीतर हा सिनेमा कोण बघणार? फिल्म सोसायटीतले चाळीस लोक, त्यातले दहा झोपलेले."

"तू त्यांच्याशी बोललास?" दाक्षायिणी म्हणाली.

"हो. असू दे म्हणाले."

"काल त्यांनी इंजेक्शनलापण असू दे म्हटलं, निरंजन. सुई घेऊन येऊ का तुझ्यासाठी?"

सिद्दगंगम्मा पदराआड हसल्या. रुद्रमुनी हसले नाहीत. ते पुढच्या रांगेत एकटेच बसले होते, धोतर, पांढरा शर्ट, आणि अंगठी दुसऱ्या हातानं गोल गोल फिरवत होते. इतके सिनेमे काढलेला माणूस परीक्षेला बसलेल्या मुलासारखा दिसत होता. नेत्राला त्यांच्याकडे बघवेना.

"आधी शेवट बघू," ती म्हणाली आणि प्रोजेक्टरवाल्याला खूण केली.

दाक्षायिणीला कुणी काही सांगितलं नव्हतं. 'शेवटाचं रीळ आलंय,' एवढंच नेत्रा घरी बोलली होती, आणि आई धरून चालली होती की यांनी झटक्याच्या आधीच घेऊन ठेवलेलं असणार. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर आई आलीच नसती.

अंधार झाला. चामुंडेश्वरी नेत्रानं काढून टाकली होती. भिंती आल्या, चूल विझली, म्हातारी दाराशी आली. नेत्रा पडद्याकडे बघत नव्हती, अप्पांकडे बघत होती. होन्नव्वाचा हात वर गेला तसा अप्पांचा डावा हात शालीतून बाहेर आला आणि हवेत तसाच राहिला, तळवा पुढे. सेटवर ते असंच करायचे. कॅमेरामनला सांगायचं असायचं, चालू ठेव, मी सांगेपर्यंत थांबू नको. म्हातारी आत गेली, क्षणभर रिकामी फ्रेम दिसली, तरी हात वर होता. पडदा पांढरा झाला तेव्हा तो खाली आला.

दिवे लागले. दाक्षायिणी रडत होती. तिला रडताना नेत्रानं फार थोड्या वेळा बघितलं होतं; हॉस्पिटलातसुद्धा ती कोरडी राहिली होती.

"हे बघा," ती म्हणाली. "हे बघा सगळ्यांनी. एक बाई, एक हात. गाणं लागतंय का कुठे? निरंजन, कुठे घालणार तुझं गाणं? भावजी, राग मानू नका, पण तुमच्या सिनेमात ही म्हातारी भिंतीवर डोकं आपटून मेली असती. वर वीज कडाडली असती. मुलगा मागून 'आई' म्हणून धावत आला असता."

"आणि शिट्ट्या पडल्या असत्या," निरंजन म्हणाला.

"पडल्या असत्या. हे जन्मजात असावं लागतं. हे सात जन्म घेऊन तुम्हाला जमायचं नाही, भावजी."

रुद्रमुनी खाली बघत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले.

कोडबळ्यांच्या डब्याचं झाकण फटकन लागलं.

"दाक्षी," सिद्दगंगम्मा म्हणाल्या, "ते यांनी घेतलंय."

"गप्प बस," रुद्रमुनी म्हणाले.

"का गप्प बसू? आयुष्यभर गप्पच बसले. ती तुमच्या तोंडावर बोलतेय आणि तुम्ही बरोबर आहे म्हणताय? हुलिकट्ट्याला कोण गेलं होतं? चिखलापाण्यात उभं राहून पाय कुणाचे सुजलेत? रोज रात्री मी तेल लावतेय."

दाक्षायिणीनं नेत्राकडे बघितलं. नेत्रा प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघायला लागली, आईला तेवढंच पुरलं.

"तुला माहीत होतं."

"हो अम्मा. डब्यात पहिला शॉट देवाचा होता."

खाली गांधीनगरच्या रस्त्यावर कुणीतरी पोस्टरची रिक्षा घेऊन ओरडत चाललं होतं. दाक्षायिणीनं डोळे पुसले, पदर नीट केला, आणि तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला.

"काढून टाक ते."

"अम्मा..."

"काढ. म्हातारी मागे राहिली तिथेच सिनेमा संपव. लोक म्हणतील त्यांनी तसाच ठेवला. अर्धवट असलं तरी ते त्यांचं असेल."

"अर्धवट दिसेल, काकू," निरंजन म्हणाला, या वेळी गंमत न करता. "मला कला-बिला कळत नाही. पण हे मी बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हे ठेवलं तर मी गाणं मागत नाही. हिरोपण मागत नाही. आहे तसा सोडतो."

नेत्रानं वळून त्याच्याकडे बघितलं. हा माणूस आपल्या बाजूनं बोलेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सकाळपर्यंत ती आणि आई एका बाजूला होत्या आणि हेमगिरी पिक्चर्स दुसऱ्या बाजूला. आता आई एकटीच राहिली होती.

मग रुद्रमुनी उठले. भावाच्या खुर्चीजवळ गेले, पण बोलले भावजयीशी.

"ठेवा किंवा काढा. ठेवायचं असेल तर एक मागतो. टायटलमध्ये एक ओळ. 'शेवटचा प्रसंग: रुद्रमुनी.' बारीक अक्षरात चालेल."

"भावजी, कशाला?" दाक्षायिणीला खरंच कळलं नव्हतं. "तुमचं नाव प्रत्येक गावात भिंतीवर आहे."

"आहे. माझ्याबद्दल पेपरात लिहून येतं ते धंद्याबद्दल. रुद्रमुनीनं एवढे आठवडे चालवला, रुद्रमुनीनं अमुक हिरोला साइन केलं. म्हाताऱ्या झालेल्या माणसाला वाटतं गं, एकदा कुणीतरी लिहावं, याला बघता येतं. एवढंच. बाकी काही नको." त्यांचा आवाज चिरकला. ते त्यांनाच आवडलं नाही आणि ते खाकरले.

"आणि मग तेच लोक काय म्हणतील?" दाक्षायिणी म्हणाली. "म्हणतील, शेवटचा जर याचा, तर आधीचे कुणाचे? तुम्ही एक ओळ मागताय. त्या ओळीनं यांचा एकेक सिनेमा उसवत जाईल. 'मिठाची गाडी'पर्यंत जातील लोक."

'मिठाची गाडी' म्हणजे या घराचा देव्हारा. अप्पांचा दुसरा सिनेमा. दिल्लीचं सुवर्णपदक. त्याच्या शेवटी सगळं गमावलेला गाडीवाला गुरांच्या हौदावर वाकून पाणी पितो आणि त्याचा बैल सरकून त्याला जागा करून देतो. त्या बैलावर परदेशी लोकांनी लेख लिहिले होते. त्याच सिनेमाच्या आधारावर बंगळूरचे टीकाकार गेली कित्येक वर्षं सांगत आले होते की एका घरात दोन भाऊ आहेत, एक बाजारात बसतो आणि एक देवळात. दोघांचा कॅमेरामन एकच, दिवेवाले तेच, गाडी तीच, हे कुणी लिहिलं नाही. आठवड्यात चार दिवस मारामारीचा सिनेमा आणि तीन दिवस पुरस्काराचा, असं युनिटातली पोरं चहा पिताना म्हणायची.

"जाऊ देत ना लोक 'मिठाची गाडी'पर्यंत," सिद्दगंगम्मा म्हणाल्या. "तिथे तरी काय सापडणार आहे त्यांना?"

"सिद्दी, तुला हात जोडतो."

"जोडा. बैलाच्या तोंडावर गूळ चोळून त्याला सरकायला कुणी शिकवलं, ते सांगा आता. मुलांना कळू दे. शंभूला कावीळ झाली होती. हा माणूस आपला घोड्याचा सिनेमा बंद ठेवून तिथे जाऊन बसला. हिरोच्या तारखा गेल्या. आणि आल्यावर मला म्हणाला, बोललीस तर बघ."

नेत्राला एक डबा आठवला. ती नवीन नवीन एडिटिंग शिकत होती तेव्हा तिला 'मिठाची गाडी'चे उरलेले तुकडे लावायला दिले होते. शेवटच्या प्रसंगाच्या डब्यात सुरुवातीला चामुंडेश्वरीचा फोटो होता, पुढे कापूर. तिला वाटलं होतं लॅबवाल्यांनी दुसऱ्या कुठल्या सिनेमाचा तुकडा चुकून भरला. तिनं तो काढून बाजूला ठेवला होता आणि नंतर तिला कधी त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"खरंय ते," ती म्हणाली. "मी बघितलंय."

सगळे दाक्षायिणीकडे बघायला लागले. ती कोसळेल असं नेत्राला वाटलं. ती कोसळली नाही. तिनं थर्मास मांडीवरून उचलून खाली ठेवला.

"मला काय नवीन सांगताय?" ती म्हणाली. "मी त्यांच्या उशाशी होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेला माणूस शंभर मैलांवर जाऊन बैल हाकत नाही, एवढं मला कळतं."

"मग अम्मा, इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं काय? मी काय म्हणायला हवं होतं? तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला तू फाटका युनिफॉर्म घालून गेलीस. घरी फ्रिज नव्हता. तुझे मामा म्हणायचे, त्याला सांग थोरल्याबरोबर सिनेमे कर. मी काय सांगायची? आमच्याकडे पैसा नाही, पण आमच्याकडे हे आहे. त्या बैलाच्या जोरावर मी सगळं काढलं. ते पण भावजींचं निघालं तर मी कशासाठी तसं राहिले, सांगशील?"

"माझ्या सिनेमातलं घे की मग त्याच्या बदल्यात," रुद्रमुनी हळूच म्हणाले. "घोड्याच्या सिनेमात आई मरते तो प्रसंग याचा आहे. बायका तोंडात पदर कोंबून रडायच्या थिएटरात. तो सिनेमा त्या प्रसंगावर चालला. मी कुणाला सांगितलं नाही, कारण याला लाज वाटली असती. माझं एक त्यानं केलं, त्याचं एक मी केलं. आमच्यात हिशोब नव्हता, दाक्षायिणी. तो पेपरवाल्यांनी केला आणि तू तो मनावर घेतलास."

"तेव्हा नाव का नाही मागितलं?"

"तेव्हा तम्माला, माझ्या धाकट्याला, नाव हवं होतं. मला वाटलं, माझं काय, पुढे बघू." ते भावाकडे वळले, वाकले. "तम्मा, घालू का एक ओळ?"

"असू दे," अप्पा म्हणाले.

"ऐकलंत?" सिद्दगंगम्मा म्हणाल्या.

दाक्षायिणी दुसऱ्या बाजूनं वाकली. "अहो, नको ना नाव? तुमचं एकट्याचंच राहू द्यायचं ना?"

"असू दे."

एका खुर्चीला दोन्हीकडून दोघं लोंबकळत होती. अप्पांच्या हनुवटीवर लाळ उतरली होती. नेत्राला एकदम सगळ्यांचा राग आला, स्वतःचाही. किती दिवस आपण या माणसाला चावी दिलेल्या बाहुल्यासारखं वापरतोय? आत तो तसाच आहे. हात सांगत होता मघाशी. सेटवर जसा सांगायचा तसा सांगत होता, आणि आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही की तोंडाला विचारू नये, हाताला विचारावं.

ती अप्पांसमोर गुडघ्यांवर बसली.

"अप्पा, बोलू नका. मी विचारते. हो असेल तर डावा हात वर करा. नाही असेल तर राहू द्या. कळलं?"

हात वर आला.

दाक्षायिणीनं तोंडावर हात ठेवला.

"तुमचं नाव शंभुलिंग?"

वर.

"मी सिद्दगंगम्मा दोड्डम्मांची सासू आहे?"

हात मांडीवर राहिला. ओठाची डावी कड जरा वर गेली. निरंजन मागून हसला आणि लगेच गप्प झाला. झटक्यानंतर पहिल्यांदा अप्पा खोलीत आहेत असं सगळ्यांना वाटलं. रुद्रमुनींनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता.

"आत्ता बघितला तो शेवट ठेवायचा?"

विचारून संपायच्या आत हात वर आला, खांद्याच्याही वर.

"बघ," रुद्रमुनी म्हणाले. त्यांचे डोळे भरले. "बघ, आवडलाय त्याला." त्यांना तेवढ्यानंच इतका आनंद झाला होता की नेत्राला वाटलं, इथेच थांबावं. पण सोमवारी टायटलं होती.

"तो दोड्डप्पांनी घेतलाय, हे कळलंय तुम्हाला?"

वर.

"त्यांचं नाव घालायचं?"

हात मांडीवर होता.

नेत्राला वाटलं दमले. शाल सरकली होती ती तिनं नीट केली आणि पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून. "अप्पा. शेवटच्या प्रसंगाला दोड्डप्पांचं नाव घालायचं?"

अप्पा तिच्याकडे बघत होते. नजर अगदी स्वच्छ होती. तिला ती नजर ओळखीची होती. एखादा शॉट कुठे कापायचा यावरून वाद झाला की असेच बघायचे, रागावून नाही, पण हलायचे नाहीत. डाव्या हाताची बोटं शालीच्या किनारीवर मिटली आणि मिटलेलीच राहिली.

"दमलाय तो," सिद्दगंगम्मा म्हणाल्या. "उद्या विचारा. थोडं खाऊ दे त्याला."

"अप्पा..."

"पुरे, पुट्टी," रुद्रमुनी म्हणाले. "त्याला कळलंय."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. नेत्राला वाटलं डोळे पुसतील, पण त्यांनी वाकून भावाची हनुवटी पुसली, नीट, दोन्ही बाजूंनी, लहानपणी पुसत असतील तशी. अप्पांनी तोंड बाजूला केलं नाही. दोघांचे चेहरे अगदी जवळ होते आणि दोघांपैकी कुणीही नजर काढून घेतली नाही. नेत्रानंच मान खाली घातली.

सिद्दगंगम्मांनी डबा उचलला आणि जावेकडे न बघता जिन्याकडे गेल्या. दाराशी त्यांच्या तोंडून एक शिवी गेली, कुणाला ते कळलं नाही. निरंजन आईच्या मागे गेला. दाक्षायिणी जिंकली होती आणि तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं. नाव नको, हेच तिनं मागितलं होतं. पण हे नवऱ्याच्या हातून असं मिळेल, असं तिला वाटलं नसावं. जन्मभर तिनं लोकांना सांगितलं होतं की त्यांना नावाची हाव नाही.

"दोड्डप्पा," नेत्रा म्हणाली, "मी घालते ओळ. एडिटर मी आहे. मद्रासला मीच जाणार आहे. कोण बघतंय?"

"नको. सिनेमा त्याचा आहे." रुद्रमुनींनी चपला पायात सरकवल्या. एका पायाला सुजेमुळे चप्पल जात नव्हती, ती त्यांनी टाच मोडून घातली. मग दाराशी थांबले आणि अंगठीचा हात हवेत धरून म्हणाले, "एक कर. बाई आत गेल्यावर तू लगेच कापलंयस. थोडं ठेव अजून. रिकामी फ्रेम दिसू दे. त्यानं ठेवली असती."

"ठेवते."

"आणि कुत्र्याचा आवाज घाल लांबून. एकच कुत्रा. जास्त नको."

ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश उतरत होती, एक भारी, एक हलकं. खाली कुणीतरी त्यांना नमस्कार केला, आणि त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात त्याच्या पोराबाळांची चौकशी केली.

वर घरची तिघंच राहिली. प्रोजेक्टरवाल्यानं रीळ गुंडाळून डब्यात घातलं आणि डबा नेत्राच्या हातात दिला. दाक्षायिणी काही वेळ रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली. मग काहीतरी करायला हवं म्हणून तिनं खाली ठेवलेला थर्मास उचलला, झाकण फिरवलं आणि सवयीनं नवऱ्याला विचारलं, "कॉफी घेणार?"

हात लगेच वर आला.